अंदाज आधी, आउटपुट नंतर

बेटा,

तुझ्या मेसेजमध्ये दोन तक्रारी आहेत. पहिली अशी, की दर आठवड्याला शिकलेलं स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायचं, पण लिहायला बसलं की लॅब मॅन्युअलच पुन्हा कागदावर उतरतं. वर्गातले पोट्टे तेच एआयकडून लिहून घेऊन राहिले आणि मार्क त्यांनाही तेवढेच. दुसरी तू जाता जाता टाकली आहेस: अर्डुइनोचा उनो बोर्ड (प्रोग्रॅम टाकून सेन्सर चालवायचा तो छोटा बोर्ड) खराब निघाला. दर मिनिटाला तापमान दाखवायचं होतं, पहिलं रीडिंग येतं आणि मग सगळं चूप. सेन्सर बदलला, जंपर बदलले, बर्डीवरून नवी यूएसबी केबल आणली. शेवटी तोच कोड मैत्रिणीच्या ईएसपी३२ या दुसऱ्या जातीच्या बोर्डावर चालला, म्हणजे उनोच गेलेला.

उनो धडधाकट आहे. फेकू नको. आणि तुझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: तू काम झाल्यावर लिहितेस. काम झाल्यावर लिहायला मॅन्युअलशिवाय काही उरतच नाही. अपलोडच्या बटणावर बोट जायच्या आधी लिही, की आता काय होईल. अंदाज आधी, आउटपुट नंतर. सांगायचं एवढंच आहे, पण एवढंच सांगितलं तर तू 'हो' म्हणून विसरशील, म्हणून पुढचं सगळं.

तुझाच कोड घे. डिले म्हणजे 'इतके मिलिसेकंद थांब' ही आज्ञा, तिच्या कंसात ६० * १००० आहे. साठ हजार मिलिसेकंद, म्हणजे एक मिनिट. समज, रन करायच्या आधी तू वहीत लिहिलं असतंस, 'दर ६० सेकंदांनी एक ओळ, दहा मिनिटांत दहा ओळी.' साठ सेकंद झाले, ओळ नाही. पहिलं रीडिंग नीट आलं होतं, म्हणजे सेन्सर, वायर, केबल तिन्ही चालू. संशय घ्यायचा तर वेळेवर घ्यायचा. मग पुढचा अंदाज: '५ * १००० केलं तर दर पाच सेकंदांनी ओळ.' येते. ३० * १०००? येते. ४०? नाही येत. ३२? येते. ३३? नाही. एवढ्या चार-पाच ओळींची नोंद तुला ३२ हजार आणि ३३ हजारांच्या मधल्या एका आकड्यापाशी आणून सोडते, आणि तो आकडा तू सी भाषा शिकताना पाठ केलेला आहेस: ३२७६७, १६ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात मावणारा सगळ्यात मोठा आकडा.

उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपसाठी इंट, म्हणजे साधा पूर्णांक, १६ बिटांचा असतो. ६० हा इंट, १००० हाही इंट, म्हणून गुणाकारही इंटमध्येच होतो. साठ हजार त्यात मावत नाही, उणे ५५३६ होतं. डिलेला मात्र ३२ बिटांचा बिनचिन्हाचा आकडा लागतो, त्यात हेच उणे ५५३६ गेलं की ४२९४९६१७६० होतं. मिलिसेकंदांत. ४९ दिवसांहून जास्त. तुझा बोर्ड मेला नव्हता, सांगितल्याप्रमाणे थांबून होता. ईएसपी३२ वर इंट ३२ बिटांचा, म्हणून तिथे तीच ओळ बिनघोर चालली. उपाय: ६० ला चिकटून यूएल लाव (60UL, म्हणजे ३२ बिटांचा बिनचिन्हाचा आकडा), किंवा सरळ ६०००० लिही, तो आकडा इंटमध्ये मावत नाही हे पाहून कंपायलर त्याला आपणहून लाँग धरतो. आणि प्रेफरन्सेसमध्ये जाऊन कंपायलर वॉर्निंग्ज 'नन'वरून 'ऑल'वर ने. आकडा न मावण्याचा हा ओव्हरफ्लो कंपायलर ओरडून सांगत होता, तू त्याचं तोंड बांधून ठेवलं होतंस.

आता तू म्हणशील, एआयला विचारलं असतं तर हे मिनिटभरात कळलं असतं. कळलं असतं. विचार ना, मी कुठे अडवून राहिलो? फक्त विचारायच्या आधी दोन ओळी तुझ्या लिही: मला काय वाटतं आणि का. मग त्याचं उत्तर वाच आणि कुठे जुळलं, कुठे नाही ते खाली टाक. नाहीतर उत्तर तुझ्याकडे येतं, पण ठेवायला जागाच नसते. व्हायवाला एक्स्टर्नलने "३३ च का, ३५ का नाही?" विचारलं की पोट्टे खिडकीतून बाहेर पाहतात, ते यामुळेच.

अंदाज म्हणजे 'चालेल' नव्हे. चिडायची वेळ माझ्यावर येते ती इथे. 'एलईडी लागेल' हा अंदाज झाला नाही, ती इच्छा झाली. अंदाजात आकडा हवा, एकक हवं, आणि तो चुकू शकेल असा हवा. ५ व्होल्टपैकी लाल एलईडीवर साधारण २ पडतात, उरले ३, मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे १३ ते १४ मिलिअँपिअर. असं लिहिलंस की मीटरवर ३ मिलिअँपिअर दिसताच कळतं की रेझिस्टर २२० चा नाही, त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्या वाचताना गफलत झाली. पोटेन्शिओमीटर (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं बटण) मधोमध ठेवला की ० ते १०२३ मधलं अ‍ॅनालॉग रीडिंग ५१२ च्या आसपास यायला हवं. ५१८ आलं तर पुढे चल. १०२३ वर चिकटलं तर मधला पाय सरळ ५ व्होल्टला गेला असावा. हात जवळ नेला की आकडा ३०० ते ४५० मध्ये हेलकावे खातो? पिन तरंगत आहे, वायर ब्रेडबोर्डच्या भोकात बसलेलीच नाही. अंदाज लिहिलेला नसेल तर हे तिन्ही आकडे सारखेच दिसतात: 'काहीतरी येऊन राहिलं.'

नोंदीचा साचा विचारला आहेस. तारीख आणि वेळ. काय बदललं, एकच गोष्ट. अंदाज. रेघ. प्रत्यक्ष काय आलं. फरक असेल तर का, हे माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह. संपलं. पाच-सहा ओळी, दोन-तीन मिनिटं, दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये चार-पाच नोंदी पुरतात. ती रेघ महत्त्वाची. रेघेच्या वरचं नंतर खोडायचं नाही, अंदाज कितीही बावळट निघाला तरी. रंगीत हेडिंग, तयार टेम्प्लेट, इमोजी यांत एक मिनिट घालवू नको. संध्याकाळी रूमवर जाऊन लिहायचं नाही, हे पुन्हा सांगून राहिलो, कारण तू नेमकं तेच करणार. रात्रीपर्यंत डोकं सगळे फसलेले प्रयत्न झाडून टाकतं आणि सरळ रस्ता तेवढा उरतो. तो सरळ रस्ता म्हणजेच मॅन्युअल.

एररचा स्क्रीनशॉट काढू नको, पूर्ण मजकूर कॉपी करून साध्या टेक्स्ट फाईलमध्ये टाक. स्क्रीनशॉटमध्ये शोधता येत नाही, आणि तीन महिन्यांनी तोच एरर येतो तेव्हा शोधावंच लागतं. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप लागते. वायरिंगचा फोटो हवा तर काढ, पण त्यासोबत कोणती पिन कुठे हे लिही, फोटोत ब्रेडबोर्डची ओळ सतरावी की अठरावी हे कोणालाच कळत नाही. लायब्ररीची (सेन्सरसाठी वापरलेल्या तयार कोडची) आवृत्ती आणि कोणता बोर्ड, हे दोन शब्द प्रत्येक नोंदीत. तुझ्या प्रकरणात 'बोर्ड: उनो' आणि 'बोर्ड: ईएसपी३२' शेजारी-शेजारी असते तर केबलचे पैसे वाचले असते.

मला लोक 'वहीवाला' म्हणतात हे मला माहीत आहे. हाताखालची पोरंही कुरकुरतात, की दोन मिनिटांच्या कामाला तीन मिनिटांची नोंद. कुरकुरू दे. आमच्या पिढीने कॉलेजात फेअर जर्नल उतरवण्यात वर्षं घालवली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, आणि निष्कर्ष दरवेळी बरोबर. एकाही जर्नलमध्ये एकही प्रयोग फसलेला नाही. सही मिळाली, सर्टिफिकेट लागलं, आणि काय समजलं नव्हतं याची एक ओळ कुठे शिल्लक नाही. याची खंत जात नाही, आणि माझा हट्ट तिथूनच येतो, हे तुला कळलेलं बरं.

१९४७ चा तो किस्सा तू ऐकलाच असशील, हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेत (विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचमध्ये) पतंग, म्हणजे किडा, सापडला आणि तो वहीत चिकटवला. पतंगाचं सगळे सांगतात. त्या पानावर १५४५ (दुपारी पावणेचार) अशी वेळ आहे, ७० नंबरचा रिले आणि पॅनल एफ असा पत्ता आहे, हे कोणी सांगत नाही. नोंद अशी असते.

आणि आपल्या गावचं उदाहरण. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. फोनाफोनी झाली, बातम्या झाल्या. मग हवामान खात्यानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. त्या दिवशी ज्याच्या डोक्यात 'आज ४४-४५' असा आकडा आधीपासून होता, त्याला ५६ वाचताच सेन्सरचा संशय आला असणार. बाकीच्यांना घाम आला.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोगही लक्षात ठेव. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, न पाहता आठवून लिहिणारे आठवड्याने घेतलेल्या चाचणीत. युनिट टेस्टच्या आदल्या रात्री तुला पहिली पद्धत भारी वाटते, त्याचं कारण हेच.

आता आठवड्याच्या नोंदीचं. शनिवारी वही उघड, त्या आठवड्यातला सगळ्यात जास्त चुकलेला अंदाज निवड आणि फक्त त्यावर लिही. काय वाटलं होतं, का वाटलं होतं, काय निघालं, कुठल्या पायरीला कळलं. तीनशे शब्द सहज होतात, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला लिहिता येत नाहीत, कारण तसं चुकलेली तूच. एआयकडून 'उनोची वैशिष्ट्ये' मिळतात, तुझे ३२ आणि ३३ मिळत नाहीत. मार्कांचं मला विचारू नको. मराठीत लिहू की इंग्रजीत, हाही प्रश्न नको: डोक्यात ज्या भाषेत येतं त्या भाषेत वही, एरर जसाच्या तसा, सबमिशनला लागेल ते नंतर इंग्रजीत कर.

सोमवारी डीएचटी११, म्हणजे तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, आहे म्हणालीस. जाण्याआधी तीन अंदाज लिहून ने. एक, कूलर चालू असलेल्या लॅबमध्ये आर्द्रता घरच्यापेक्षा जास्त येईल की कमी, आणि किती टक्क्यांनी. दोन, याची हद्द ० ते ५० अंश आणि दोन अंश इकडे-तिकडे, मग मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवला तर काय दाखवेल. तीन, याला दोन रीडिंगमध्ये किमान एक सेकंद लागतो. तू दर २०० मिलिसेकंदांनी विचारलंस तर नवे आकडे येतील, जुनाच आकडा परत येईल, की 'नॅन', म्हणजे आकडाच नाही? लायब्ररीप्रमाणे उत्तर बदलतं, म्हणून लायब्ररीचं नावही लिही. आणि सेन्सर तीन पिनांच्या छोट्या बोर्डावर बसवलेला असेल तर पुल-अप (डेटाची वायर ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) बहुधा त्यावरच असतो. सुटा चार पायांचा मिळाला तर डेटा आणि ५ व्होल्टच्या मध्ये ४.७ ते १० किलोओहमचा रेझिस्टर तुलाच लावायचा आहे, लॅबमध्ये तो मिळेलच असं नाही, घरून घेऊन जा.