स्लिक चढवले, आता सस्पेन्शनचं काय?

या वेळच्या बऱ्याच पत्रांत दुखणं एकच आहे: गाडीला स्लिक (नक्षी नसलेले, रेसचे गुळगुळीत) टायर लावले, पण पैशांच्या मानाने लॅपचा वेळ काही कमी होत नाही. त्यातली निवडक पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : फक्त ट्रॅकसाठी ठेवलेली जुनी पेट्रोल स्विफ्ट आहे, आतून मोकळी केलेली. ४० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणि मूळचेच शॉक अॅब्सॉर्बर आहेत. रस्त्याच्या टायरवर गाडी छान वळायची. स्लिक लावल्यापासून वळणाच्या मध्यावर नाक बाहेर जातं आणि पुढच्या टायरची बाहेरची कड फाटते. अलाइनमेंटवाला म्हणतो, हिचा कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) बदलता येत नाही. आणखी कडक स्प्रिंग घेऊ का? (मुलुंड)

स्प्रिंग घ्यावी लागेल, पण तिसऱ्या नंबरावर. आधी कॅम्बर, मग शॉकची चाल, मग स्प्रिंग.

मुळात काय बदललं ते पाहा. चालकासकट गाडी ९८० किलोंची धरू. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १.४७ मीटर. चांगल्या रोड टायरवर वळणात ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट आडवा जोर) मिळतो, तेव्हा आतल्या बाजूचं सुमारे ३०० किलो वजन बाहेरच्या चाकांवर जातं. स्लिकवर १.३ जी मिळाला तर हाच आकडा ४३० च्या वर जातो. म्हणजे तीच गाडी, तीच स्प्रिंग, आणि झुकणं जवळपास दीडपट. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला पुढचा खांब) गाडी एक अंश झुकली की बाहेरच्या चाकाचा पाऊण ते एक अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचं डोकं आत झुकलेलं असणं) जातो. मूळ सेटिंग शून्याच्या आसपास असतं, त्यामुळे ऐन वळणात टायर बाहेरच्या कडेवर उभा असतो. तुमची कड फाटते ती यामुळेच.

कॅम्बर बदलता येत नाही हे फक्त मूळच्या बोल्टांपुरतं खरं. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरच्या जागी एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट टाकला की साधारण दीड अंश मिळतो. वर कॅम्बर प्लेट टाकली की आणखी दीड-दोन अंश. रेडियल स्लिकसाठी पुढे उणे ३ पासून सुरुवात करा. टायर क्रॉसप्लाय (आतले धागे तिरके असलेला) असेल तर मात्र उणे दीड-दोनवर थांबा, त्याला जास्त कॅम्बर मानवत नाही. एक्सेंट्रिक बोल्ट स्लिकच्या भाराखाली सरकतो, म्हणून घट्ट केल्यावर बोल्ट आणि स्ट्रटवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. कॅम्बर बदलला की टो (चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बदलतोच. तेव्हा टो शेवटी लावा, प्रत्येक बाजूला शून्य ते १ मिलिमीटर बाहेर.

आता शॉकची चाल. रॉडवरचं रबरी बूट काढा, रॉडला एक केबल टाय बांधा आणि ती खाली सीलपर्यंत सरकवा. चार लॅप मारून या. टाय वर बम्प स्टॉपला (चाल संपते तिथल्या रबराला) टेकलेली असेल तर वळणात तुमची स्प्रिंग नव्हे, रबराचा गोळा काम करतोय. त्या क्षणी पुढचा भाग अचानक दगडासारखा होतो आणि नाक बाहेर पळतं. तुमच्या गाडीत हे होत असणारच: मूळच्या जवळपासच्या स्प्रिंगवर बाहेरचं पुढचं चाक अँटी-रोल बार (झुकणं रोखणारा आडवा दांडा) धरूनही ६० मिलिमीटरच्या आसपास दबू पाहणार, आणि गाडी खाली बसवून तुम्ही त्यातली ४० आधीच खर्च केली आहे.

खाली बसवण्याचा आणखी एक तोटा. लोअर आर्मचा बॉडीकडचा बोल्ट आणि बॉल जॉइंट, दोन्हींची जमिनीपासून उंची मोजा. बॉल जॉइंट वर भरला तर रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली गेलंय आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकतेय. लांब मानेचा बॉल जॉइंट मिळत असेल तर टाका, सोबत टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांड्याचा) शेवटही तितकाच खाली घ्या. नाहीतर चाक वरखाली होताना स्वतःहून वळेल. हे जमत नसेल तर गाडी सरळ १५ मिलिमीटर वर घ्या. दिसायला बरं वाटणार नाही, पण वेगाने जाईल.

स्प्रिंगचा हिशेब असा. पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक-ब्रेक वगळून, सुमारे २६५ किलो येतात. रस्त्याची गाडी १.३ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १.३ वेळा, डोलते. स्लिकवर, पंख नसलेल्या छोट्या गाडीला २.२ पुरे. त्यासाठी चाकापाशी ५० न्यूटन प्रति मिलिमीटर लागतात. स्ट्रटचं मोशन रेशो (चाकाच्या हालचालीच्या मानाने स्प्रिंगची हालचाल) ०.९५, त्याचा वर्ग ०.९, म्हणून स्प्रिंग ५६ ची. कॉइलओव्हरच्या (शॉकवरच बसवलेल्या स्प्रिंगच्या संचाच्या) भाषेत ही सहा किलोची, म्हणजे मिलिमीटरला सहा किलोची स्प्रिंग. दहा-बारा किलोच्या स्प्रिंगचा मोह आवरा. आपल्याकडच्या ट्रॅकच्या कर्बवर आणि सांध्यांवर एवढ्या हलक्या गाडीचं चाक उडत राहतं, आणि उडालेल्या स्लिकला ग्रिप नसते. मूळची स्प्रिंग २० च्या आसपासची असते, म्हणजे ही पावणेतीन पट झाली. शॉकचं डॅम्पिंग तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, सुमारे १.७ पट लागतं. मूळच्या शॉकवर कडक स्प्रिंग टाकली तर गाडी टप्पे घेत जाईल. म्हणून स्प्रिंग आणि शॉक एकत्रच घ्या, वेगवेगळे दोनदा पैसे घालू नका.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) आहे, तिथे कोपऱ्याला १५० किलोच येतात. २.५ हर्ट्झसाठी चाकापाशी ३७ लागतील. बीमवर स्प्रिंग चाकापासून किती आत बसते ते मोजूनच स्प्रिंगचा आकडा काढा. मागचा टो-कॅम्बर बीम आणि स्टब अॅक्सलच्या (चाक बसतं त्या आखूड आसाच्या) मध्ये शिम (पातळ चकती) घालून बदलतो. मागचं आतलं चाक वळणात हवेत गेलं तर घाबरू नका, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते होतंच. फक्त ते एकदा उचललं गेलं की मागचा बार आणखी जाड करून काही मिळत नाही. त्यापुढचं सगळं वजन पुढूनच सरकतं. आणि मागचे स्लिक उशिरा तापतात. कडक मागचा भाग आणि थंड टायर घेऊन पहिल्याच लॅपला घाई केली की गाडी गरकन फिरते.

प्रश्न : कॉर्नर वेट (चारही चाकांवरच्या वजनाचा तोल साधणं) करायचंय. परळच्या आमच्या गॅरेजच्या फरशीला मोरीकडे उतार आहे. काटे आहेत, जागा नाही. (परळ)

गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल नळी घ्या. चार काट्यांच्या जागांवर खडूने खुणा करा, सगळ्यात उंच जागा शून्य धरा आणि बाकीच्या तिघींखाली विनाइल फ्लोअर टाइलचे तुकडे रचून पातळी आणा. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर सगळं मोजमाप खोटं. एका चाकाखाली ३ मिलिमीटरचा फरक राहिला तरी क्रॉस वेट (तिरक्या जोडीतल्या दोन चाकांवरचं एकत्र वजन) सहा-सात किलोंनी चुकतं, आणि अँटी-रोल बार जोडलेला असेल तर त्याहून जास्त. म्हणून बारची एक लिंक सोडा. चालकाच्या वजनाइतकी पोती सीटवर ठेवा, प्रेशर चालवायचं तेच भरा, प्रत्येक बदलानंतर गाडी हाताने दाबून, पुढेमागे ढकलून बसवा. क्रॉस ५० टक्क्यांच्या अर्ध्या टक्क्यात आलं की पुरे. लिंक परत लावताना तिची लांबी अशी जुळवा की बार पिळला जाणार नाही.

प्रश्न : माझ्या छोट्या गाडीसाठी फॉर्म्युला गाडीचे (उघड्या चाकांच्या एकआसनी रेसगाडीचे) वापरलेले स्लिक अगदी स्वस्तात मिळताहेत. घ्यावेत का? प्रेशर किती? (डोंबिवली)

घेऊ नका. फॉर्म्युला गाडी तुमच्या गाडीच्या निम्म्या वजनाची असते. तिच्या टायरवर ३०० किलोंचा पुढचा कोपरा ठेवला की साइडवॉल दुमडते. ती सावरायला प्रेशर वाढवलं की मधला भाग फुगतो. उलट, जड टुरिंग गाडीचा कडक कंपाउंड तुमच्या हलक्या गाडीखाली तापतच नाही. शिवाय वापरलेला स्लिक प्रत्येक वेळी तापून थंड होताना कडक होत जातो. नखाने दाबून पाहणं हे काही मोजमाप नाही, ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजणारं यंत्र) वापरा. त्याच्या शोर ए मापावर ७० च्या पुढे गेलेला टायर दिसायला कितीही काळाभोर असला तरी मेलेला आहे.

प्रेशर नेहमी गरम मोजायचं. २८ पीएसआय गरमचं लक्ष्य ठेवा. टायरमधली हवा ३० अंशांवरून ८० वर गेली की सुमारे ६ पीएसआय वाढतात, म्हणून पुढे थंड २२. मागचे कमी तापतात, तिथे २४. मुंबईच्या कंप्रेसरची हवा, त्यातही पावसाळ्यात, पाण्याने भरलेली असते आणि ती हिशेबापेक्षा जास्त फुगते. टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढा किंवा नायट्रोजन भरा.

पिटमध्ये येताच सुई घुसणाऱ्या पायरोमीटरने आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी तापमान घ्या. इन्फ्रारेड गन फक्त वरची साल दाखवते. पुढच्या टायरवर ६२, ७१, ९४ असं आलं तर कॅम्बर कमी पडतोय. मधलाच आकडा सगळ्यात वर असेल तर प्रेशर उतरवा. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ अंश गरम असेल तर सेटिंगला हात लावू नका.

प्रश्न : ट्रॅकवर जाताना स्लिकवरच गाडी चालवत नेली तर? (नवी मुंबई)

नाही. मोटार वाहन नियमांत कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते, स्लिकला नक्षीच नाही. मुंबईहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला तसंही सव्वातेराशे किलोमीटर जायचंय. गाडी ट्रेलरवर घाला. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पावसाचे दिवस, तेव्हा नक्षीचा एक संच सोबत हवाच.

प्रश्न : स्लिक लावल्यापासून लांब वळणात ऑइलचा दिवा लुकलुकतो. सेन्सर बदलला तरी तेच. (बोरिवली)

सेन्सर बरोबर सांगतोय. जास्त ग्रिपमुळे संपमधलं (इंजिनखालच्या भांड्यातलं) ऑइल एका कडेला चढतं आणि पंपाची जाळी हवा ओढते. दिवा लागेपर्यंत बेअरिंगला झळ पोचलेली असते. हे दुरुस्त होईपर्यंत ट्रॅकवर जाऊ नका. संप उतरवून जाळीभोवती बॅफल प्लेट (ऑइल अडवून धरणारी पट्टी) वेल्ड करून घ्या, ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवा आणि प्रेशर गेज बसवा. संप उतरलेलाच आहे तर एक बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) उघडून पाहा; पांढुरक्या थरातून तांब्याचा रंग दिसला तर सगळी बदला. पेट्रोलही पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, तेही असंच कडेला पळतं आणि इंजिन आचके देतं. चाकाचे स्टड जुने असतील तर बदला, आणि दर सत्रानंतर चाक वर-खाली धरून हलवून पाहा. खुळखुळ लागली तर व्हील बेअरिंग गेलं.