फाटक बंद होते तेव्हा

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. ‘शाळा ही एक सामाजिक व्यवस्था आहे’ हे वाक्य बी.एड.च्या परीक्षेत मी अनेकदा लिहिले, पण त्याचा उपयोग कधी कळला नाही. यंदा शिस्तीसाठी शाळा अर्धा तास आधी, सकाळी साडेसातला भरू लागली आणि परिपाठ सुरू होताच फाटक बंद होऊ लागले. महिनाभरात माझ्या वर्गातील सात मुलींची गैरहजेरी वाढली आणि फाटकापाशी शिपाईमामा व पालक यांचे रोज खटके उडू लागले. मुख्याध्यापक पालकांना बेफिकीर ठरवतात, तर पालक शाळेला निर्दय म्हणतात. चूक कोणाची मानावी?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : या वादात कोणाचाही स्वभाव मध्ये न आणता सुरुवात करावी, असे मी सुचवेन. जेकब गेट्झेल्स आणि इगॉन गुबा या अमेरिकी अभ्यासकांनी 1957 मध्ये मांडलेला विचार आपण अभ्यासला असेलच. संस्थेत एका बाजूला पद, त्या पदाची भूमिका आणि तिच्याकडून असलेल्या अपेक्षा असतात. दुसऱ्या बाजूला ते पद सांभाळणारा माणूस, त्याची घडण आणि त्याच्या गरजा असतात. आणि प्रत्यक्ष वागणे या दोहोंच्या ओढाताणीतून ठरते. परीक्षेत याची आकृती काढून आपण मोकळे होतो. आपल्या शाळेत मात्र ही ओढाताण रोज सकाळी फाटकापाशी उभी असते.

शिपाईमामांचेच पाहा. मस्टरवर त्यांचे काम फाटक उघडणे, घंटा देणे आणि नोटीस फिरवणे एवढेच असते. पण वर्षानुवर्षे त्याच वस्तीत राहिलेल्या शिपायाला कोणाचे वडील यंत्रमागावर रात्रपाळीला असतात आणि कोणाच्या घरी आजी अंथरुणाला खिळली आहे, हे ठाऊक असते, आणि दोन शब्द सुनावून उशिरा आलेल्या मुलीला आत घेण्याचा अधिकार कोणीही न देता त्यांच्याकडे आलेला असतो. नियम आणि वस्ती यांच्यातील घर्षण ते असे परस्पर मिटवत होते. नव्या नियमाने त्यांची ही अलिखित भूमिका काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही. साहजिकच, पूर्वी फाटकातच संपणारी गोष्ट आता मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत जाते.

आता त्या सात मुलींकडे वळू. त्यांच्यापैकी किती जणींच्या घरी विड्या वळल्या जातात, हे आधी पाहावे. आदल्या दिवशी वळलेल्या विड्या घेऊन आई सकाळी कारखान्यात जाते. तिथे विड्या तपासून घेतल्या जातात, खराब निघालेल्या बाजूला पडतात, मग पुढची पाने आणि तंबाखू मिळतो, आणि रांग लांबली की परतायला उशीर होतो. तोवर धाकट्या भावंडाला सांभाळणारी बहुधा आठवी-नववीतली मुलगीच असते. आठच्या शाळेत ती धापा टाकत का होईना पोहोचत होती. साडेसातला तिला जमत नाही, आणि बंद फाटकावरून दोनदा परत आलेली मुलगी तिसऱ्या दिवशी घरातून निघतच नाही. शाळेच्या लेखी ती बेशिस्त असली तरी घरच्या लेखी ती जबाबदार मुलगी आहे, आणि दोन्ही भूमिका तिला एकाच अर्ध्या तासात पार पाडायच्या आहेत. शिवाय आठवीपर्यंत शाळेत आहार मिळत असल्याने फाटकाबाहेर राहिलेली मुलगी त्या दिवशीच्या जेवणालाही मुकते.

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरली की वर्ग ओस पडतात, पण त्याला कोणी बेशिस्त म्हणत नाही आणि जाणता शिक्षक त्या आठवड्यात चाचणी ठेवत नाही. म्हणजे गावाच्या रीतीपुढे वेळापत्रक वाकवणे शाळेला जमते. प्रश्न कोणाची रीत रीत म्हणून मान्य होते, एवढाच आहे. टॅल्कॉट पार्सन्स यांनी 1959 मध्ये वर्गाची दोन कामे सांगितली होती : मुलांना समाजाच्या वळणाला लावणे आणि पुढच्या आयुष्यातील जागांसाठी त्यांची निवड करणे. आपले फाटक पहिल्या कामासाठी लागते आणि नकळत दुसरे करून मोकळे होते. कारण ज्या घरात सकाळचे काम मुलीवाचून अडत नाही तिथली मुलगी आत येते, आणि जिथे अडते तिथली बाहेर राहते.

म्हणून चूक कोणाची, यापेक्षा हा नियम कोणाच्या सकाळवर उभा आहे, हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते. मुख्याध्यापकांचा हेतू वाईट नाही; वेळेवर येणाऱ्या मुलांचा पहिला तास वाया जाऊ नये, ही अपेक्षा रास्त आहे. पण वेळ बदलताना आयांना विचारले गेले होते का? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानित शाळेतही शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांत या समितीचे काम सल्ल्यापुरतेच उरले आहे, हे खरे. पण इथे सल्लाच हवा आहे. आपण हजेरीपटातून या मुलींचे जूनपासूनचे दिवस काढावेत, वेळ बदलण्याआधीचे आणि नंतरचे वेगळे मांडावेत, आणि तो कागद समितीपुढे ठेवावा. आठपर्यंत येणाऱ्यांना नोंदवहीत सही करून आत घ्यावे आणि ती नोंदवही शिपाईमामांकडेच द्यावी, असेही सुचवून पाहा. सभेची वेळ मात्र दुपारची ठेवा, कारण सकाळी त्या आया कारखान्याच्या रांगेत असतील.