टकटक वाजणारी हार्ड डिस्क आणि आजीची गाणी

प्रश्न : मी पारोळा तालुक्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी गेलो होतो. परतताना मोटारसायकलवरून लॅपटॉपची बॅग सुटून डांबरी रस्त्यावर पडली. लॅपटॉप त्या वेळी बंद होता. आता त्याचा पडदा फुटलेला आहे, आणि बटण दाबले की आतून ‘टक्, टक्’ असा आवाज येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. आतापर्यंत चार-पाच वेळा तो सुरू करून पाहिला. त्यात माझ्या आजीने म्हटलेल्या गौराईच्या आणि कानबाईच्या अहिराणी गाण्यांची 37 ध्वनिमुद्रणे आहेत. ती मी फोनवर केली होती आणि नंतर लॅपटॉपमध्ये घेतली होती. आजी गेल्या पौषात वारली. प्रत्येक गाण्याच्या आधी ती ‘चालू व्हयनं का रे भाऊ?’ असे विचारते, तेही त्यात आहे. शिवाय मुलीची लहानपणची छायाचित्रे आणि शेताचे सातबारा उतारे आहेत. दुकानदार म्हणतो, डिस्क फॉरमॅट करून लॅपटॉप चालू करून देतो. भाचा म्हणतो, इंटरनेटवरून सॉफ्टवेअर घेऊन फाइली काढू. एका स्नेह्याने डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितली आहे. मी काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती. हे वाचल्यापासून तो लॅपटॉप पुन्हा सुरू करू नका, ‘एकदाच पाहू’ म्हणूनही नाही. आपण सांगितलेली ‘टक्, टक्’ ही खूण डिस्कच्या आतील यांत्रिक बिघाडाची आहे, आणि अशा डिस्कला दिलेला प्रत्येक वीजपुरवठा तिच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होतो.

त्या आवाजामागे काय घडते, ते समजून घेतले तर पुढचे सल्ले पटतील. हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात, आणि लॅपटॉपच्या बहुतेक डिस्कमध्ये त्या मिनिटाला 5400 वेळा, म्हणजे सेकंदाला 90 वेळा फिरतात. वाचणारे व लिहिणारे टोक, ज्याला हेड म्हणतात, ते तबकडीपासून काही नॅनोमीटर इतक्या अंतरावर हवेच्या पातळ थरावर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी हजारो नॅनोमीटर असते, यावरून हे अंतर किती थोडे आहे याची कल्पना यावी. लॅपटॉप बंद असताना हेड तबकडीबाहेरच्या उतारावर विसावलेले असते. त्यामुळे आपली डिस्क बंद स्थितीत पडली, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट आहे. तरीही धक्क्याने हेड वाकू किंवा निकामी होऊ शकते. असे हेड तबकडीवरील मार्गदर्शक खुणा शोधते, त्या सापडल्या नाहीत की मागे येऊन थांबते आणि पुन्हा शोधते. आपल्याला ऐकू येते ती हीच धडपड. या धडपडीत वाकलेले हेड तबकडीला घासले, तर ज्या चुंबकीय थरात आपल्या आजीचा आवाज साठवलेला आहे, तो थरच खरवडला जातो.

हे मी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे असलेली डिस्क मी अशाच घाईत एका दुकानात दिली होती. त्यांनी ती टेबलावरच उघडून पाहिली, झाकण लावले आणि बराच वेळ चालवली. पुढे ती जाणकारांकडे गेली, तेव्हा त्यांनी मला तबकडी दाखवली. तिच्या चकचकीत पृष्ठभागावर बांगडीसारखे एक मळकट कडे उमटले होते आणि कडेला राखाडी भुकटी साचली होती. त्या कड्यावर जे लिहिलेले होते, ते कोणालाही परत आणता आले नाही. म्हणून डिस्कचे झाकण घरी किंवा साध्या दुकानात उघडू देऊ नये, हे मी कळकळीने सांगतो. आपल्याकडे वैशाखात दारे-खिडक्या बंद ठेवूनही धूळ घरात येतेच, आणि तिचा एक कण हेडखालच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

आता आपल्याला मिळालेल्या तीन सल्ल्यांविषयी. दुकानदाराने सुचवलेले फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून नव्याने मांडणे, लॅपटॉपच्या सोयीचे आहे, फाइलींच्या नाही. त्याला लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बसवायला सांगा आणि जुनी डिस्क आपल्या ताब्यात घ्या. भाच्याचा सल्ला चांगल्या मनाचा आहे, पण हेडच वाचत नसेल तर कोणतेही सॉफ्टवेअर काही वाचू शकत नाही, ते फक्त हेडला तासन्‌तास राबवत राहते. विंडोजमधील चेकडिस्क हे डिस्क तपासणारे साधन तर मुळीच चालवू नका, कारण दुरुस्तीच्या नावाखाली ते त्याच डिस्कवर लिहिते. फ्रीजरमुळे तबकडीवर बाष्प धरते. ओल्या तबकडीवर हेड फिरले, तर उरलेली आशाही जाते.

मग करायचे काय? खर्चाचा विचार करण्याआधी, यातले काय दुसरीकडे मिळू शकते ते पाहा. सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह शासनाच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो, त्यासाठी डिस्कवर एक रुपयाही घालवू नका. गाण्यांपैकी काही आपण व्हॉट्सॲपवर मावशी-आत्यांना, चुलत भावंडांना पाठवली असतील. आजी गेल्यावर अशा गोष्टी नातलग सहसा पुसत नाहीत, तेव्हा प्रत्येकाला फोन करून विचारा. ध्वनिमुद्रण फोनमधल्या मेमरी कार्डवर झाले असेल, तर ते कार्ड आजच काढून बाजूला ठेवा. त्यावरून फाइली पुसल्या असल्या तरी त्यांच्या जागी नवे काही लिहिले गेले नसेल, तर फोटोरेक या मोफत सॉफ्टवेअरने त्या परत मिळण्याची बऱ्यापैकी शक्यता असते. इथे भाच्याची मदत अवश्य घ्या. दोन गोष्टी मात्र सांभाळा. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर ठेवाव्यात. आणि त्यांची मूळ नावे मिळत नाहीत, नुसते क्रमांक मिळतात, म्हणून प्रत्येक फाइल ऐकूनच कोणते गाणे कोणते हे ठरवावे लागेल. फाइल आजीच्या गाण्याची आहे, हे मात्र सुरुवातीचा तिचा तो प्रश्नच सांगून देईल.

एवढे करूनही गाणी अपुरी राहिली, तर डिस्क हेड बदलण्याची सोय व धूळमुक्त खोली असलेल्या ठिकाणीच द्यावी. त्यासाठी बहुधा पुणे किंवा मुंबई गाठावी लागेल. देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या: तपासणीचे शुल्क किती, फाइली न मिळाल्यास किती आकारणार, आणि मिळालेल्या फाइलींची यादी पैसे भरण्यापूर्वी दाखवणार की नाही. त्यांना 37 ध्वनिमुद्रणांच्या फोल्डरचे नाव आधी सांगा. हेड बदलल्यावर ते किती काळ टिकेल याचा भरवसा नसतो, म्हणून जे सर्वांत मोलाचे आहे, ते आधी वाचले गेले पाहिजे. नेताना डिस्क स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत घाला, सर्व बाजूंनी जाड फोम लावा, आणि एसटीने जाणार असाल तर ती वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर घेऊन बसा.

ज्या वाचकांची डिस्क आवाज करत नाही, संगणकाला दिसते, पण फार सावकाश चालते किंवा मध्येच अडते, त्यांचे प्रकरण वेगळे आहे. तिथे घरी प्रयत्न करता येतो. डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे ती बाहेरून संगणकाला जोडण्याच्या डबीत घालावी आणि फाइली एकेक न उचलता आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे मोफत साधन यासाठी उत्तम आहे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते, अवघड जागांकडे नंतर वळते, आणि आज्ञेत नोंदीच्या फाइलचे नाव दिले असेल तर कुठवर आले याची नोंद ठेवते, त्यामुळे वीज गेली तरी काम पुढे चालू करता येते. आज्ञा देताना जुनी डिस्क कोणती व नवी कोणती हे दोनदा तपासा. क्रम उलटला तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. चांगल्या स्थितीतील 1 टेराबाइटची डिस्क साधारण तीन तासांत उतरते, बिघडलेलीला दिवस लागू शकतात. उन्हाळ्यात हे काम रात्री, पंख्याखाली आणि इन्व्हर्टरच्या जोडणीवर करावे. फाइलींचा शोध नंतर त्या प्रतिमेवर घ्यावा, मूळ डिस्कवर नको.

प्रश्न : मी शहादा येथे महाविद्यालयात शिकते. माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला आणि तो सुरूच होत नाही. त्यात एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली डिस्क, आहे. प्रकल्पाचा अहवाल परत मिळेल का?

उत्तर : मिळण्याची आशा चांगली आहे. चार्जर काढलेलाच ठेवा आणि बटण दाबून पाहू नका. चहाने बहुधा मदरबोर्ड बिघडला असेल, एसएसडी शाबूत असू शकते. कारागिराकडून ती काढून घ्या आणि तिच्या मापाच्या यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडा. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डलाच डाख देऊन बसवलेली असते, तिथे मात्र आधी मदरबोर्डच दुरुस्त करावा लागतो. डिस्क जोडल्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधील सोयीची, 48 अंकी किल्ली मागितली गेली तर घाबरू नका, कोणाला विंडोज नव्याने टाकूही देऊ नका. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू होत असे, त्या खात्यात दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून प्रवेश करा. बहुतेक वेळा ती किल्ली तिथे उपकरणाच्या नावासह नोंदलेली असते. ती कागदावर उतरवून घ्या, आणि अंक सहा-सहाच्या आठ गटांत असतात, तसेच लिहा.