दर वाढला, पानं घटली

प्रश्न : मावशी, आम्ही विडी घरकुलात राहतो. आई तीस वर्षांपासून विड्या वळते. हजार विड्यांचा दर वाढला त्या दिवशी आईनं घरात गोड केलं होतं. पण पूर्वी आठवड्याचे सहा दिवस कारखान्यातून हजार-हजार विड्यांची पानं मिळायची, ती आता चारच दिवस मिळतात. आई म्हणते, 'दर वाढला नसता तर बरं झालं असतं.' मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. किमान वेतन वाढलं की काम कमी होतं, असं आमच्या पुस्तकातही आहे. मग आईचंच खरं का?
– एक मुलगी, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : पोरी, तुझ्या आईचं दुखणं खरं आहे. पण त्याचं खापर ती दरवाढीवर फोडते, ते मला पटत नाही.

आधी हिशेब करू. जुना दर हजारी 100 धर आणि नवा 120. सहा हजार विड्यांचे पूर्वी 600 व्हायचे. आता चार हजारांचे 480 होतात. म्हणजे दर वीस टक्क्यांनी वाढला आणि आठवड्याची मजुरी वीस टक्क्यांनी घटली. किराणा दुकानदार हजारी दर विचारत नाही, शनिवारी हातात किती आले ते विचारतो. तुझी आई तोच आकडा बघते आणि तिचं बरोबर आहे.

आता तुझ्या पुस्तकाबद्दल. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं एप्रिल 1992 मध्ये ताशी किमान वेतन 4.25 डॉलरवरून 5.05 केलं. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात वाढ झाली नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या दोघा अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची मिळून 410 खाद्यगृहं, बर्गर वगैरे विकणारी, वाढीच्या आधी आणि नंतर तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं, त्यामागे या प्रकारचंच काम होतं. मात्र सिएटल शहरात वेतन 13 डॉलरपर्यंत गेल्यावर तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांना 2017 मध्ये वेगळं चित्र दिसलं : कमी पगाराच्या कामांचे तास कमी झाले आणि महिन्याची कमाईही घटली. त्या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला. पण तास कापले जातात ही गोष्ट सोलापूरच्या बाईला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे तासांच्या जागी पानं कापली जातात, एवढंच.

मी भद्रावती पेठेत वाढले. शाळेतून आलं की आईच्या शेजारी सूप मांडीवर घेऊन बसायचं. पाने रात्रीच भिजवलेली असत. पत्रा ठेवून कात्रीनं ती कातरायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. सकाळी आई कारखान्यात माल द्यायला जायची, तेव्हा मोजणारा माणूस छाट काढायचा. छाट म्हणजे बाद विड्या. ही पातळ, ही सैल, ही आखूड. त्यांची मजुरी नाही आणि त्या विड्या परतही नाहीत. दर वाढला त्या महिन्यात छाट वाढते, हे मी दहाव्या वर्षी पाहिलं. पानंही हजारची म्हणून दिली जायची आणि भरायची नऊशे. उरलेल्या शंभरांसाठी आई पदरचे पैसे घालून बाजारातून पानं आणायची. वाढ कुठून गळते, ते मला तेव्हा कळलं आणि अजून तो राग गेलेला नाही.

गळती अशा तीन ठिकाणी आहे : कामाचे दिवस, पानांचं वजन आणि छाट. दर कितीही वाढवा, ही तीन भोकं बुजवली नाहीत तर मजुरी आईच्या हातात पोचणार नाही.

छाटीवर फार पूर्वी बंधन घातलं गेलं. विडी कामगारांच्या 1966 च्या कायद्याखाली महाराष्ट्रानं केलेल्या नियमांत साधारणपणे पाच टक्क्यांहून, म्हणजे हजारात पन्नासहून, जास्त विड्या बाद करू नयेत अशी मर्यादा होती. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, तरी 1974 मध्ये न्यायालयानं तो कायदा उचलून धरला. आईनं आठवडाभर फक्त एक आकडा लिहावा : दिल्या किती, बाद किती.

कामाच्या दिवसांची गोष्ट अवघड आहे आणि तिच्यावरच मला जास्त बोलायचं आहे. रोजंदारीवरच्या माणसाला मालकानं अर्धाच दिवस काम दिलं, आणि त्याची स्वतःची काम करायची तयारी होती, तर पूर्ण दिवसाचं किमान वेतन द्यावं लागतं. विडी कामगार मात्र नगावर मजुरी घेतो. काम नाही दिलं तर मजुरी नाही, असं मालक म्हणतो आणि आपण मान डोलावतो. पण किमान वेतनाच्या 1948 च्या कायद्यातच एक तरतूद होती. नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबानं ठरावीक मजुरी मिळेल, असा हमी दर सरकार ठरवू शकत होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता आली. तिनं नगावरच्या कामगारांसाठी असा वेळेवर आधारलेला किमान दर ठरवण्याचं काम सरकारवर सोपवलं आहे. मोर्चात हजारी दराची घोषणा देतोच, तिच्याबरोबर 'दिवसाची हमी द्या' ही घोषणाही द्यायला हवी. इतकी वर्षं आपण एकाच आकड्यासाठी भांडत राहिलो, असं मला वाटतं.

कारखानदार म्हणतील, परवडत नाही. विडीची मागणी घटते आहे, हे खरंच आहे आणि ते नाकारून तुला खोटा धीर देणार नाही. पण केरळातल्या कौलांच्या कारखानदारांनीही हेच सांगितलं होतं. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत बघायची नसते. शिवाय 1 फेब्रुवारी 2026 पासून विडीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. ती सवलत अशोक चौकातल्या, कुंभारीच्या वस्तीतल्या बायकांपर्यंत किती झिरपली, हे आपण मालकांना विचारलं पाहिजे.

आणि पोरी, कमी दिवसांचा आणखी एक तोटा आईच्या लक्षात आणून दे. पानं न मिळालेल्या दिवसांचा भविष्य निर्वाह निधीही कापला जात नाही, म्हणजे म्हातारपणीची शिदोरी कमी. निवृत्तिवेतनाचा किमान आकडा 2014 मध्ये 1000 रुपये ठरला, त्यात काय भागतं ते तू जाणतेसच. तू बी.कॉम. आहेस. गल्लीतल्या दहा बायकांच्या पासबुकांवरून गेल्या वर्षाचे कामाचे दिवस मांड. असा एक कागद सहायक कामगार आयुक्तांसमोर ठेवला की नुसत्या तक्रारीपेक्षा त्याचं वजन वेगळं पडतं. नियम काय आहे ते तिथं मराठीतून समजावून घे आणि घरी आईला तेलुगूतून सांग.

प्रश्न : नवी पेठेत कापडाच्या दुकानात आहे. किमान वेतन वाढलं की रजिस्टरमधली सहीची रक्कम वाढते, हातातली नाही. बोललो तर काम जाईल.
– एक वाचक

उत्तर : भाऊ, महागाईचा भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. तेव्हा तुमचा कायदेशीर आकडा काय झाला, ते आधी माहीत करून घ्या. कमी पैशावर तुम्ही राजी झालात तरी तो करार कायद्यापुढे टिकत नाही. नव्या संहितेत थकबाकीसाठी तीन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो आणि पैसे दिल्याचं सिद्ध करणं मालकावर आहे. अडचण एकच : तो तुमचीच सही दाखवील. म्हणून पगार बँकेत मागा. अर्ज नोंदणीकृत संघटनेलाही करता येतो, एकट्यानं पुढे व्हायची गरज नाही. सही करण्याआधी रजिस्टरमधला आकडा वाचा, आणि घरी आल्याबरोबर तो आकडा आणि हातात आलेली रक्कम, दोन्ही तारखेसह वहीत उतरवा.