रंकाळ्यावर रिंगण धरण्याआधी

प्रिय पोरी,

रंकाळा तलावाकाठी करायच्या नाटकाची तुझी संहिता दोनदा वाचली. दहावीनंतर आर्ट्सला जायचं म्हणणारी मुलगी, 'सायन्सच घ्यायचं' म्हणून अडून बसलेले वडील, तिचा फोन तपासणारा भाऊ. सगळं खरं आहे. फक्त शेवटचं पान काढून टाक. तिथे वडिलांचं मन वळतं, आणि मग समोर बसलेल्या पोरांना उठून, पात्राची जागा घेऊन करण्यासारखं काही उरतच नाही.

ब्राझीलचे ऑगस्तो बोआल १९७०च्या दशकात पेरूमध्ये काम करत होते. प्रयोगात प्रेक्षकांतली एक बाई नटांना सारखं सांगत होती, असं नाही, तसं करा. नटांना ते तिच्या मनासारखं जमेना. शेवटी बोआल यांनी तिलाच वर बोलावलं. फोरम थिएटर त्यातून उभं राहिलं. नाटक अडलेल्या जागी थांबवायचं, पुन्हा सुरू करायचं, आणि कुणीही 'थांबा' म्हणून अडलेल्या पात्राची जागा घ्यायची. आपल्याकडे हे जमेल का, असं तू विचारलंस. अगं, तमाशातला सोंगाड्या समोरच्यांशी बोलतच असतो, आणि खासबागेत कुस्तीच्या हौद्याभोवती बसलेला माणूस कधी गप्प बसलाय?

चौपाटीवर पाण्याला पाठ करून नट उभे केलेस तर मावळतीचं ऊन लोकांच्या डोळ्यांत जाईल, तेवढं बघ. भेळेच्या गाड्यांपासून लांब बसा. वाऱ्यात आवाज टिकत नाही, म्हणून रिंगणच लहान धर. माईक नको, तो हातात आला की पोरं भाषण करतात.

'कोण येतंय?' असं विचारलंस की गप्प राहा. पहिल्या प्रयोगात मला ती शांतता सोसली नाही, मीच बोलत सुटले, आणि उठू बघणारा एक मुलगा परत खाली बसला. तो अजून डोळ्यांसमोर आहे.

पुढच्या वेळी थांबले. नववीतली एक मुलगी उठली. रिंगणाच्या कडेला चपला काढल्या, आमच्या नटीची ओढणी घेतली. 'भाऊ' म्हणाला, "फोन आण." तिने उत्तरच दिलं नाही. कोपऱ्यात मेथी निवडणाऱ्या 'आई'शेजारी जाऊन बसली, दोन काड्या खुडल्या आणि विचारलं, "आई, तुझा फोन कोण बघतं गं?" आईच्या वाट्याला आम्ही दोनच वाक्यं लिहिली होती. महिनाभर तालीम केली, पण तिच्याकडे आमचं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

त्या मुलीला आम्ही 'तुझ्या घरी असंच आहे का?' असं विचारलं नाही. तूही कुणाला विचारू नकोस. पात्राबद्दल बोल. उघड्यावर बोललेलं रात्रीपर्यंत गल्लीत पोचतं, म्हणून मोबाईलवर शूटिंग करू देऊ नकोस. आलेल्या पोरांच्या घरून आधी परवानगी घे. आणि प्रयोगानंतर कुणी बाजूला घेऊन काही सांगितलं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. लैंगिक त्रासाचं असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते कळवावंच लागतं. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर तुमच्यातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

शनिवारच्या तालमीला येते. आईचं काम करणाऱ्या मुलीला सांग, मेथीची जुडी खरी आण.

तुझी,
ताई