फ्रेंच खेड्यातला हौद आणि राखेचं धुणं

प्रश्न: फ्रान्समधल्या लहान खेड्यांच्या फोटोंत छपराखाली दगडी हौद दिसतो. तो महालक्ष्मीच्या धोबीघाटासारखाच का? तिथे साबणाऐवजी राख वापरत असं वाचून चादर धुतली, तर पिवळट डाग पडले. काय चुकलं?
– एक वाचक, दादर

उत्तर: हा हौद म्हणजे ‘लावुआर’. धोबीघाटाशी तुलना अर्धीच जुळते. आपला धोबी उभ्याने कपडा आपटतो. तिथे बायका पेंढा भरलेल्या लाकडी खोक्यात गुडघे टेकून बसत आणि हौदाच्या उतरत्या दगडी काठावर थापीने कपडा बडवत. झऱ्याचं पाणी आधी पिण्याच्या नळाला, मग गुरांच्या हौदाला आणि शेवटी लावुआरला, असा क्रम पुष्कळ गावांत दिसतो. काही लावुआरचं छप्पर चारी बाजूंनी आत उतरतं आणि मधोमध उघडं असतं. आपल्या वाड्याचा चौकच म्हणा ना! १८५१च्या कायद्याने अशा बांधकामांना सरकारी अनुदान मिळू लागलं. पुढे घरोघरी वॉशिंग मशीन आलं आणि हौद ओस पडले.

लावुआर मुख्यतः खळबळण्यासाठी. खरं धुणं घरी, मोठ्या पिंपात होई. कपड्यांच्या थरांवर फडकं, त्यावर चाळलेली राख आणि वरून पाणी. खालून निथळलेलं पाणी तापवून पुन्हा वर, असं तासन्‌तास. पहिलं पाणी कोमटच असे. तुमची पहिली चूक बहुधा इथेच झाली: सुरुवातीलाच उकळतं पाणी ओतलं, तर घाम, दूध, रक्ताचे डाग धाग्यात पक्के बसतात.

दुसरी शंका राखेची. ओक आणि चेस्टनटची राख त्या बायका टाळत, डाग पडतात म्हणून. पूर्ण जळलेली पांढरी राख सहसा डाग पाडत नाही. अर्धवट जळलेले काळे कण पाडतात.

१०० ग्रॅम बारीक चाळलेली राख १ लिटर पाण्यात २४ तास भिजवा आणि दुहेरी सुती फडक्यातून गाळा. बोटांना बुळबुळीत लागलं की क्षार उतरला समजा. पुढे हातमोजे घाला. भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं घ्या, ॲल्युमिनियम क्षाराने खाल्लं जातं. रेशीम, लोकर यात अजिबात नको.

पडलेल्या डागांसाठी तिथला जुना उपाय: ओली चादर गवतावर उन्हात पसरायची, सुकली की पुन्हा पाणी शिंपडायचं. दादरला गवत कुठून आणणार? गच्ची चालेल.