अनडेड सैन्य निवडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा चौघांचा गट ‘किंग्ज ऑफ वॉर’ हा छोट्या बाहुल्यांच्या सैन्यांचा टेबलवरचा युद्धखेळ सुरू करतोय. मला अनडेड म्हणजे मेलेल्यांचं सैन्य घ्यायचंय. सांगाडे, झाँबी, घूल (प्रेतं खाणारे), व्हॅम्पायर यांतलं आधी काय घेऊ? आणि शंभर मिनिएचर (या छोट्या बाहुल्या) रंगवावीच लागतात का? (नाशिक)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचं सैन्य तिथेच अडकून पडतं. नाही, शंभर लागत नाहीत. मँटिक कंपनीच्या या खेळात मार बसला म्हणून मिनिएचर उचलायची नसतात. अख्खी तुकडी हा एकच ठोकळा असतो आणि नुकसान बाजूला मोजलं जातं. त्यामुळे एकाच मोठ्या बेसवर (पायाखालच्या पट्टीवर) मिनिएचर कायमची चिकटवता येतात. पायदळाच्या रेजिमेंट नावाच्या तुकडीत वीस जण धरलेले असतात आणि २० मिमी बेसच्या हिशेबाने तिची जागा १०० × ८० मिमी होते. होर्ड त्याहून मोठी, चाळीसची, २०० × ८० मिमी. निम्म्याहून अधिक मिनिएचर असली की चालतं. रेजिमेंटवर चौदा आणि मधल्या जागेत एखादं थडगं किंवा मोडका रथ ठेवलात, तर तुकडी वीस जण दाटीवाटीने उभे केल्यापेक्षा देखणी दिसते.

आता काय घ्यायचं ते. झाँबींची एक होर्ड, रेव्हनंट म्हणजे चिलखती सांगाड्यांच्या दोन रेजिमेंट, घूलची एक रेजिमेंट आणि दोन नेक्रोमॅन्सर म्हणजे मेलेल्यांना चालवणारे मांत्रिक. अशी सुरुवात साधारण सत्तर मिनिएचरमध्ये होते. झाँबी मारामारीत कुचकामी, पण स्वस्त. त्यांचं काम शत्रूला एका जागी खिळवून ठेवणं. खरा घाव रेव्हनंट घालतात.

नेक्रोमॅन्सर एक नव्हे, दोन का? अनडेड खेळण्याचं सगळं मर्म यातच आहे. या सैन्यातल्या बहुतेक तुकड्यांना ‘शँबलिंग’ हा नियम लागू असतो. त्यांना ‘अ‍ॅट द डबल’ म्हणजे दुप्पट चालीची आज्ञा देता येत नाही, म्हणून त्या हळू वाटतात. त्याची भरपाई ‘सर्ज’ हा मंत्र करतो. मंत्राचे फासे टाका, ४ किंवा जास्त पडलेला प्रत्येक फासा म्हणजे सरळ पुढे एक इंच. शत्रूला भिडलात तर तो हल्लाच धरला जातो. कुशीवर म्हणजे बाजूने भिडलात तर तुकडीचे हल्ले दुप्पट, पाठीवर तिप्पट.

म्हणून चाल अशी : रेव्हनंट आधी शत्रूच्या कुशीच्या टप्प्यात नेऊन दोन-तीन इंचांवर उभे करा, मग सर्ज टाका. आठ फाशांचा सर्ज सरासरी चार इंच नेतो, पण सरासरीवर विसंबू नका. चार इंच गाठण्याची शक्यता साधारण ६४ टक्के, तीन इंचांची ८५ आणि दोन इंचांची ९६. नवखे चार इंच अंतर ठेवतात, तीनातला एक सर्ज तोकडा पडतो आणि तुकडी शत्रूच्या तोंडासमोर उघडी राहते. दुसरा नेक्रोमॅन्सर त्याच वेळेसाठी. तुकडी ज्या दिशेला तोंड करून उभी आहे, तिकडेच सरळ जाते, हेही आधीच्या चालीतच बघून ठेवा.

घूल आणि वेअरवुल्फ शँबलिंग नाहीत. ते मोकळे धावतात, पण त्यांच्यावर सर्ज चालत नाही. एक घूल तुकडी बगलेला असावी, दोन नकोत. व्हॅम्पायर पुढे घ्या. तो दिसतो झकास, पण सैन्य निवडायला मिळणारे गुण फार खातो, आणि पहिल्या काही डावांत त्याला नेमकं कुठे उभं करायचं हे कळत नाही.

प्रश्न : ‘वॉरहॅमर : द ओल्ड वर्ल्ड’ या दुसऱ्या युद्धखेळासाठी अनडेड सैन्यांतलं टूम किंग्ज घेऊ की व्हॅम्पायर काउंट्स? (ठाणे)

उत्तर : टूम किंग्ज. जानेवारी २०२४ मध्ये हा खेळ आला तो ब्रेटोनिया आणि टूम किंग्ज या दोन सैन्यांनिशी. त्यांना पूर्ण पाठबळ आहे. व्हॅम्पायर काउंट्सची यादी खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीने मोफत पीडीएफ म्हणून दिली, पण ते ‘लेगसी’ म्हणजे तसं पूर्ण पाठबळ नसलेलं सैन्य आहे. घरी खुशाल खेळा, स्पर्धेला मात्र आयोजकांना आधी विचारा.

खेळायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. इथे अनडेड पळून जात नाहीत, ढासळतात. झटापट चार गुणांनी हरलात तर मेलेल्यांखेरीज आणखी चार जखमा, म्हणजे आणखी चार सांगाडे आडवे. ही गळती थांबवायची तर किती मारले यापेक्षा किती कमी फरकाने हरलो याला महत्त्व आहे. म्हणून तुकडी खोल ठेवा, म्हणजे मागे रांगा जास्त, आणि झेंडा घ्या. दहा-दहाच्या चार फुटकळ तुकड्यांपेक्षा वीस-वीसच्या दोन जास्त टिकतात.

खरेदीत वॉरस्फिंक्स आणि नेक्रोस्फिंक्स हे टूम किंग्जचे दोन मोठे प्राणी एकाच बॉक्समधून होतात. वरचे भाग चिकटवून टाकू नका, छोटी निओडिमियम मॅग्नेट बसवा, म्हणजे दोन्ही आलटून पालटून वापरता येतात. सांगाड्यांचे बेस इथे २५ मिमीचे चौकोनी. वरचं किंग्ज ऑफ वॉरचं २० मिमीचं माप धरून आधीच बेस घेतलेत तर ते इथे बसणार नाहीत.

प्रश्न : स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारल्यावर सांगाडे खरखरीत झाले, बरगड्यांवर वाळू बसल्यासारखी. प्रायमर खराब होता का? (नागपूर)

उत्तर : बहुधा नाही. कडक उन्हात आणि लांबून मारलात तर रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि भुकटी होऊन बसतात. सकाळी लवकर, सावलीत, २०–२५ सेंमीवरून, थांबत थांबत हलके हात मारा. फार जवळून मारलंत तर उलटं होतं आणि बरगड्यांमधल्या फटी बुजतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात वेगळीच पंचाईत : दमट हवेत मॅट व्हार्निशवर पांढुरकी धुकट साय धरते. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर वापरा. वेळ जास्त जातो, पण काम वाया जात नाही. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना स्प्रेचा डबा आणायला सांगू नका, ज्वलनशील एरोसॉल रंग विमानात नेता येत नाहीत.

हाडं रंगवण्याचा झटपट मार्ग असा. फिकट हस्तिदंती प्रायमर, त्यावर ‘स्केलेटन हॉर्ड’ हा काँट्रास्ट रंग. तो खाचांत उतरतो, उंचवट्यांवर फिका राहतो. ओला असतानाच कवटीच्या हनुवटीखाली आणि पायाशी साचलेला थेंब कोरड्या ब्रशने टिपून घ्या, नाहीतर तिथे तपकिरी डाग वाळतो. पूर्ण सुकल्यावर फिकट हाडाच्या रंगाचा ड्रायब्रश. ब्रश कागदावर इतका पुसा की कागदावर जेमतेम खूण उमटावी. गंजकी तलवार आणि ढाल शेवटी.

प्रश्न : थ्रीडी प्रिंट केलेले सांगाडे प्लॅस्टिक ग्लूने चिकटत नाहीत. भालेही मोडतात. (पुणे)

उत्तर : प्लॅस्टिक ग्लू पॉलिस्टायरीन वितळवून जोड घालतो. तुमचे प्रिंट ज्या रेझिनचे असतात त्यावर त्याचा काहीच परिणाम होत नाही, तिथे सुपरग्लूच हवा. भाले मोडतात, कारण साधं रेझिन ठिसूळ असतं. त्यात थोडं लवचिक रेझिन मिसळा, किंवा भाल्याची दांडी कापून पितळी तार लावा. मोठ्या बेसवर लावताना भाल्याची टोकं पुढच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. तुकड्या कडेला कड लावून भिडतात आणि पहिल्याच डावात टोकं तुटतात.

बेसची एमडीएफ पट्टी ३ मिमीची घ्या. २ मिमीच्या पट्टीवर पांढरा डिंक आणि वाळू लावली की ती एका बाजूने ओली होऊन वाकते. पातळच हाताशी असेल तर खालच्या बाजूलाही डिंकाचा हात द्या, म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढ बसते. डिंक हाताला चिकटेनासा झाला की प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवून वर वजन द्या. मिनिएचर त्यानंतर लावा.